पदराला हात लागेपर्यंत

अण्णा गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी व्हाइटफील्डच्या ऑफिसात प्रेझेंटेशन देत होते. क्षणभर थांबले, पाणी प्यायले आणि उरलेलं बोलून संपवलं. त्यांनाही तेच पटलं असतं; गिऱ्हाईक समोर असताना ते जेवायलाही उठत नसत.

अण्णा मारतहळ्ळीतले आमचे घरमालक, खालच्या मजल्यावर राहायचे. चार पिढ्या बेंगळुरूत, यशवंतपूरला साड्यांचं दुकान. मी पुण्याहून आलेली, बोलण्यात कुणाला हार न जाणारी, तरी माझी दोन प्रेझेंटेशनं सपशेल पडली होती. क्लायंट आपापल्या फोनमध्ये डोकं घालून बसायचे. आणखी एकदा असं झालं तर हे काम दुसऱ्याकडे जाईल, असं साहेबांनी स्पष्ट सांगितलं. मी रडकुंडीला आले होते. एका रविवारी अण्णांच्या दुकानातच लॅपटॉप उघडला आणि त्यांना सगळं दाखवू लागले. चौथ्या स्लाइडला त्यांनी हात वर केला.

"स्वल्प थांब की. ह्यात घेणारं कोण?"

त्यांनी मला गादीवर बाजूला बसवून घेतलं. थोड्या वेळानं पाच बायका आल्या. एक अखंड बोलत होती, पण अण्णांचं लक्ष टोकाला गप्प बसलेल्या बाईकडे. एक साडी उलगडली, आणि त्या बाईचा हात पदराला लागेपर्यंत दुसरी घडी मोडली नाही. त्या गेल्यावर म्हणाले, "हात लागला नाही तर दुसरी काढू नये. विचारावं, कुणासाठी हवी."

मी नेहमीप्रमाणे अर्धंच ऐकलं. ऑफिसच्या ऑनलाइन सरावात पहिली स्लाइड दाखवली आणि गप्प बसून राहिले. माझा माइक बंद आहे, असं सगळे मला सांगू लागले. हे ऐकून अण्णा ठसका लागेपर्यंत हसले. "अगं, थांबायचं म्हणजे समोरच्याकडं बघायचं की."

खऱ्या दिवशी टोकाला एक बाई गप्प होत्या. रोजच्या कामात त्यांचा सगळ्यात जास्त वेळ कशात जातो, असं मी विचारलं. त्या बोलू लागल्या, हळूहळू बाकीच्यांचे फोन खाली गेले. चाळीसपैकी सहाच स्लाइड दाखवून झाल्या. काम माझ्याकडे राहिलं. त्या आनंदात अण्णांकडूनच जांभळी इरकल घेतली.

अण्णा गेल्यापासून त्यांच्या पत्नी, आमच्या अक्का, कुणाशी बोलत नव्हत्या. तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं, जो तो समजूत घालत होता. महिन्याभरानं तीच इरकल नेसून मी खाली गेले आणि मीही सुरू झाले… वय झालं होतं, हाल झाले नाहीत, भाग्याचं मरण… अक्का भिंतीकडे बघत होत्या. पुढचं वाक्य ओठावर आलं होतं, ते गिळलं. अण्णांची फार आठवण आली. नुसती अक्कांकडे बघत बसले… बराच वेळ.

मग त्यांचा हात माझ्या पदराकडे आला. काठ बोटांत धरून म्हणाल्या, "ही त्यांनीच काढून दिली ना?"

मी हो म्हटलं, आणि अक्का बोलू लागल्या.