नैवेद्याचा गूळ

जाऊबाई, अक्षर गिचमिड आहे, शुद्धलेखन चौथीपुरतंच, माफी असावी. तुम्हाला वाचता येत नाही, आणि दुसऱ्याकडून वाचून घ्यावं असं हे नाही. तरी लिहिते. समोर आल्यावर मला कधी बोलता आलं नाही.

धनज सोडलं तेव्हा मंजी नऊ वर्षांची होती. बैलगाडीत माझ्या मांडीवर काडीसारखी पडून घडोघडी पाणी मागत होती. मधुमेह, आणि तोही लेकराला. अकोल्याला त्यावरची सुई मिळते असं कळलं होतं. तुम्ही हातातले गोठ मोडून पैसे दिलेत. म्हणालात, "जाय यशोदे. अठी राह्यली त मरन ते पोट्टी."

अकोल्यात हे कापसाच्या जिनात लागले. मी सुई उकळायला शिकले, टोचायला शिकले. औषधाची बाटली माठाखाली ओल्या वाळूत ठेवायची. डॉक्टर म्हणाले होते, "साखर वाढली तर हळूहळू मारते, उतरली तर बघता बघता. घाम सुटला, थरथरली, तर लगेच गोड द्या." मी मान डोलावली, पण लक्षात राहिलं ते वाढण्याचंच. घरातला गूळ मी आढ्याला टांगला.

दुसऱ्या वर्षी महालक्ष्म्यांना धनजला आलो. आता जेवणं होतीलच, म्हणून मी मंजीला सुई टोचली. सोळा भाज्या व्हायला उशीर झाला, आणि नैवेद्याआधी तोंडात काही घालायचं नाही. मंजीला घाम फुटला. ती थरथरू लागली, काहीबाही बडबडू लागली. बाया म्हणाल्या, लक्ष्मी अंगात आली. कुंकू लावून कोणी विचारलं, "माय, औंदा कापूस कसा पिकन वं?" आणि तिची आई असून मीही हात जोडले. माझ्या लेकराला देवीनं निवडलं, याचं मला बरंच वाटलं.

तुम्ही चुलीपासून उठलात. "सरा बाजूले! देवी नाई, भुकेजली हाय पोट्टी!" ताटातला गूळ अंगठ्यानं फोडून तिच्या गालात दाबलात.

सासूबाई ओरडल्या, "निवद उष्टा केला वं तुनं!"

"देवीले दुसरा गूळ देईन. पोट्टी दुसरी कोठून आनू?"

थोड्या वेळानं मंजीनं डोळे उघडले. "मोठी आई, भूक लागली," म्हणाली.

पुढे बैल मेला, बोंडं किडली, आणि निवद उष्टा केल्याचा सारा दोष तुमच्यावर आला. जेवणाआधीच सुई टोचली ही चूक माझी होती, हे मी कोणाला सांगितलं नाही.

मंजी आता सोळाची आहे. नजर अंधुक होत चालली आहे. पायात काटा मोडला तरी तिला कळत नाही, म्हणून रोज तिचे तळवे मी पाहते. तिच्या औषधाची बाटली जिथल्या वाळूत आहे, तेच आता माझं घर. पण मंजीच्या पदराला गुळाचा खडा बांधलेला असतो, तेवढं धनज आमच्याबरोबर आहे.

गोठांचे पैसे हे थोडेथोडे मनिऑर्डरीनं पाठवत होते. आज शेवटची पोच आली. तिच्यावर तुमचा अंगठा उमटला आहे. तोच तो अंगठा. पैसे सगळे फिटले, जाऊबाई.