युवक रविवारचं प्रवचन कुणाचं होतं

धुळ्यात देवपूरच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचा मी बरीच वर्षं पाळक होतो. निवृत्त झालो तेव्हा पंचांनी शाल घातली आणि मानपत्र दिलं. त्यात ‘तरुणांचे मार्गदर्शक’ असं छापलं होतं. ते वाचलं जात असताना मला घाम फुटला. लोकांना वाटलं, शालीमुळे.

आमच्याकडे वर्षातून एकदा युवक रविवार असतो. त्या दिवशी उपासना तरुण मुलं चालवतात, प्रवचनही त्यांच्यातलंच कुणी देतं. फक्त ते पाळकाने आधी तपासायचं, अशी रीत. एका वर्षी तरुण संघाची चिटणीस आपली वही माझ्याकडे देऊन गेली. मुलगी एम.ए. करत होती. दर रविवारी खुर्च्या मांडायची, पडद्यावर गीतं दाखवायची आणि माझा मोबाईल बिघडला की तोही ठीक करून द्यायची.

युवक रविवारच्या आदल्या रविवारी मला जळगावच्या मंडळीत बोलायचं होतं. तो आठवडा बोदवडच्या एका अंत्यविधीत आणि आमच्या पंचांच्या भांडणात गेला. नवा पंखा कुणाच्या डोक्यावर फिरावा, यावर दोन गट पडले होते. प्रवचन तयार झालंच नाही. सकाळच्या एसटीत पिशवी उघडली, तर आत फक्त तिची वही.

विषय येशूच्या दृष्टांतातल्या उधळ्या मुलाचा होता, पण बापाचा पैसा उडवून घरी परतलेल्या त्या धाकट्याबद्दल ती बोलतच नव्हती. घरात मेजवानी सुरू झाली तेव्हा थोरला शेतात होता आणि त्याला बोलवायला कुणी गेलं नाही, एवढीच गोष्ट तिनं धरली होती. त्या थोरल्याला तिनं आपल्या मामाच्या बागेत केळीचे घड वाहायला लावलं होतं. जे रोज कामाला असतात त्यांनाच बोलवायचं राहून जातं, असं शेवटी लिहिलं होतं. पारोळ्यापर्यंत मी वही वाचली, एरंडोलपर्यंत पाठ केली आणि जळगावला उतरलो तेव्हा प्रवचन माझंच झालं होतं.

मामासकट. “माझ्या मामाच्या केळीच्या बागेत,” असं मी खुशाल सांगितलं. माझे मामा जन्मभर रेल्वेत होते, केळी त्यांनी फक्त खाल्ली. पण लोकांनी डोळे पुसले. कुणीतरी चित्रण केलं आणि मी घरी पोहोचायच्या आत ते आमच्या मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येऊन पडलं. त्या ग्रुपमध्ये सगळे वडीलधारे होते. तरुणांना घ्यायचं राहून गेलं होतं.

आठवडाभर तिला सांगायचं ठरवत होतो. शेवटी वहीवर ‘छान’ असा शेरा मारून ती परत केली.

युवक रविवारी तिनं तोंड उघडलं आणि तिसऱ्या वाक्याला माना वळू लागल्या. प्रवचनात मामांची बाग आली तेव्हा मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. उपासनेनंतर चहाच्या वेळी थोरले पंच सगळ्यांदेखत तिला म्हणाले, “बाई, चोरायचंच होतं तर जरा लांबच्या पाळकाचं तरी चोरायचं.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खारी चहात बुडवली आणि म्हणालो, “जाऊ द्या हो, मुलं आपल्याकडूनच शिकतात.”

लोकांना तो माझा मोठेपणा वाटला.

ती पुन्हा आली नाही. हळूहळू तिच्या मैत्रिणी, मग सगळा तरुण संघच यायचा थांबला. पडद्याचं यंत्र कुणाला चालवता येईना. एका लग्नात सबंध मंडळी अंत्यविधीचं गीत दोन कडवी गाऊन मोकळी झाली. वार्षिक अहवालात मी लिहिलं की मोबाईलमुळे तरुणांना देवाची ओढ राहिलेली नाही.

गेल्या वर्षी तिच्या घरी गेलो. आता ती कॉलेजात शिकवते. माझी माफी तिनं शांतपणे ऐकून घेतली.

“आबा, इथं सोफ्यावर बसून नको,” ती म्हणाली. “मला चोर कुणी समजलं? जिथं बोललात तिथं सांगा, आणि इथल्या मंडळीतही सांगा.”

आधी जळगावला गेलो. उभा राहून सगळं सांगितलं, अगदी खारीपर्यंत. लोकांनी डोळे पुसले. एक गृहस्थ म्हणाले, दोष स्वतःवर घेऊन दाखला द्यावा तर तुम्हीच. भडगावच्या एका म्हाताऱ्या अक्कांनी माझा हात धरला. “आबा, माले बठ्ठं समजनं,” सगळं समजलं म्हणाल्या आणि पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे हेच प्रवचन देण्याचं आमंत्रण दिलं. देवपूरलाही तेच सांगितलं, तर थोरल्या पंचांनी त्यावर प्रार्थनाच केली, अशी नम्रता आम्हांलाही दे म्हणून.

तिला जाऊन हे सांगितलं, तेव्हा ती खो-खो हसली. मग म्हणाली, “आता लिहा, आबा. लिहिलेल्यावर कुणाला आमेन म्हणता येत नाही.”

म्हणून लिहितो. हा दाखला नाही. प्रवचन तिचं होतं, चोरी माझी होती, आणि अहवालातलं ते वाक्य खोटं होतं. हा मजकूर वहीत लिहून आधी तिला दाखवला. तिनं लाल पेनानं दोन चुका दुरुस्त केल्या आणि वही परत दिली. रविवारी येशील का, हे विचारायचा धीर मला झाला नाही.