अर्जावर लिहिलेलं अंतर

अंतर आणि विस्थापन हा धडा मी नववीला इतक्या वेळा शिकवला, की झोपेतून उठवलं तरी सांगेन. अंतर म्हणजे माणूस प्रत्यक्ष चालला ती वाट, आणि विस्थापन म्हणजे निघाला तिथून पोचला तिथपर्यंतची सरळ रेघ. वाट कितीही वाकडीतिकडी असो, रेघेला तिचं सोयरसुतक नसतं. पोरांना हे पटकन कळे. घोळ घातला तो मी, आणि तोही वर्गात नाही, एका छापील अर्जावर.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. भंडारा जिल्ह्यात करडीच्या बाजूच्या एका गावात हायस्कूल होतं आणि त्याला लागून मुलींचं लहानसं वसतिगृह. मी भंडारा शहरातून आलेला, बी.एस्सी. झाल्याचा तोरा मिरवणारा. वसतिगृहाचा नियम असा, की घर शाळेपासून पाच किलोमीटरपेक्षा लांब असेल तरच जागा मिळायची. आदल्या वर्षी अंतरं फुगवून लिहिल्यामुळे आमचे काही अर्ज वरच्या कार्यालयातून परत आले होते आणि हेडमास्तरांनी सगळ्यांची खरडपट्टी काढली होती. म्हणून यंदा अर्ज मी भरायचे ठरलं. विज्ञानाचा माणूस चुकणार नाही, असं ते म्हणाले. मलाही ते खरं वाटलं.

अर्ज करणाऱ्यांतल्या एका मुलीचं गाव शाळेजवळच्या मोठ्या तलावापलीकडचं. आठवी पास होऊन ती नववीत आली होती, गणितात माझ्याही पुढे धावायची. मे महिन्यात तिचा बाप तिला घेऊन माझ्या खोलीवर आला. धान पिकवणारा साधा माणूस. गाव किती लांब आहे, मी विचारलं.

"हे काय जी, इथंच तं आहे," तो म्हणाला.

आमच्या भागात आपलं गाव लांब आहे असं कुणी कबूल करत नाही. ऐकणाऱ्याला यायचा कंटाळा येईल, अशी त्यामागे भीड असते. मुलगी मागून हळूच म्हणाली, "बाबा, पावसाळ्यात फिरून या लागते ना." बापानं नुसतं तिच्याकडे पाहिलं आणि ती गप्प झाली. गुरुजींपुढे रडगाणं गायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मी तलाठ्याकडून नकाशा मागून आणला आणि त्यावर पट्टी ठेवली. शाळा ते गाव, चार किलोमीटर. उन्हाळ्यात आटलेल्या तलावाच्या कडेनं, कोरड्या बांध्यांमधून, म्हणजे धानाच्या मोकळ्या शेतांतून, लोक जवळजवळ त्याच रेघेनं येतही असत. कुणाला बोट ठेवता येणार नाही असा आकडा सापडला, म्हणून मला कोण आनंद झाला! मी चार लिहिले आणि खाली झोकात सही ठोकली.

धानाच्या लावणीचा रोवणा सुरू झाला, बांध्या पाण्यानं भरल्या, तलाव पाळीला, म्हणजे काठच्या मातीच्या बांधाला, टेकला. आता वाट पाळीवरून लांब वळसा घेऊन, पुढे नाला ओलांडून यायची. नऊ किलोमीटर. वसतिगृहाच्या यादीत मुलीचं नाव नव्हतं. ती रोज चालत येई आणि पहिल्या तासाला ओल्या परकरानं बाकावर बसे. मी हजेरी घेई.

ऑगस्टमध्ये तो धडा आला. घरून शाळेत येऊन परत घरी गेलेल्या मुलीचं विस्थापन किती, मी विचारलं. तिनंच हात वर केला. "शून्य." शाब्बास म्हणालो, तरी ती उभीच.

"मंग गुरुजी, पाय काहून दुखतात?"

वर्ग हसला. "अंतरामुळे," मी म्हणालो. तो अर्ज मला डोळ्यांसमोर दिसला. धडा शिकवणाऱ्यानं अंतराच्या रकान्यात विस्थापन लिहून ठेवलं होतं.

मधल्या सुटीत हेडमास्तरांना गाठलं. ते भले होते. एक जागा अजून रिकामी आहे, म्हणाले, तुम्ही फक्त लिहून द्या की ‘अंतर लिहिताना माझी चूक झाली’. त्यांनी कोरा कागदही पुढे केला. मी तो घेतला, घडी केली, खिशात ठेवला. विज्ञानाच्या शिक्षकाला अंतर कळत नाही, हे फाईलला लागणार होतं आणि स्टाफरूममध्ये वर्षभर चघळलं जाणार होतं. उद्या देतो, म्हणालो. उद्याचे पंधरा दिवस झाले आणि जागा दुसऱ्या मुलीला गेली. लाज वाटते सांगायला, पण तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

दिवाळीच्या सुटीनंतर ती आलीच नाही. आठवडाभर वाट पाहिली आणि एका रविवारी मी तिच्या गावाला निघालो. पाळीवर सायकल चालेना, म्हणून ती एका झोपडीपाशी ठेवून चालत गेलो. त्या वाटेनं मी पहिल्यांदाच जात होतो. पोचलो तेव्हा पोटऱ्या भरून आल्या होत्या.

धानाची कापणी चालू होती. बापानं लगबगीनं खाट टाकली आणि मुलीला चहा ठेवायला सांगितलं.

"सुटीच्या आधी नाल्याले पूर आला जी. पोरगी पलीकडं अडकून राहिली. तिची माय रडून रडून बेजार. मंग म्हटलं, राहू दे शाळा."

"पुढच्या वर्षी वसतिगृहाचं बघू," मी म्हणालो.

"पुढच्या वर्षी लगन आहे जी तिचं."

खिशात त्या कोऱ्या कागदाच्या घडीवर ठेवलेला हात बाहेर काढून मी तेव्हा बोलायला हवं होतं. चार वाक्यांचं काम होतं. शब्द जुळवत होतो, तेवढ्यात ती चहा घेऊन आली. बाप तिला म्हणाला, "गुरुजीच्या पाया पड, बाई. त्याईनं तुह्यासाठी लय खटपट केली. वरच्या साहेबाईनं ऐकलं नाही, त्याले ते तरी काय करतीन?"

ती वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत. "सुखी राहा," म्हणालो, आणि चहा प्यालो.