बिनखुणेचं कोकरू

करमाडजवळच्या माळावर मेंढरं राखणारा भिकन दोन पायांच्यांपेक्षा चार पायांच्यांशीच जास्त गप्पा मारायचा. गावाला त्याची गंमत वाटे. पण दोन वर्षांमागं त्याच्या कानाशी कुणीतरी बोलायला लागलं, "भिकन्या, ही मेंढरं तुझी नायत. सोड." एकदा तो खरोखरच कळप सोडून पळाला. तेव्हापासून काठी बायकोच्या, मंजुळाबाईच्या हाती. भिकन अंगणात बसून कळप जाताना बघायचा आणि त्याचा जीव तुटायचा.

गावानं बाहेरची बाधा ठरवून टाकली. गावाला काय, तोंड उचकटायला पैसे पडत नाहीत. मंजुळाबाई खमकी. तिनं नवऱ्याला सरळ शहरात डॉक्टर विशाखाताईंकडं नेलं. आजाराचं नाव निघालं स्किझोफ्रेनिया.

"आपण मनात बोलतो, तेव्हा मेंदूचा बोलणारा भाग ऐकणाऱ्या भागाला आधीच कळवतो, हे आपलंच आहे," विशाखाताईंनी समजावलं. "या आजारात बहुधा तो निरोप नीट पोचत नाही. मग आपलाच विचार परक्याचा आवाज होऊन ऐकू येतो. त्यात डोपामिन नावाचं रसायन वाढतं, आणि साधी गोष्टही फार मोठी वाटायला लागते. गोळ्या त्याला आवरतात. सगळं अजून आम्हालाही उमगलेलं नाही."

मंजुळाबाई बोलली, "मंजी बिनखुणेचं कोकरू. गेरू लावायचा राहिला, की आपलंच कोकरू दुसऱ्याचं वाटतंय."

"व्हय," भिकन म्हणाला, आणि कितीतरी महिन्यांनी हसला.

गोळ्या तो न चुकता घेऊ लागला. आवाज पार गेला नाही, पण मवाळ झाला, कधीमधी कुरकुरतो. "आता जाऊ द्या त्यांना माळावर," डॉक्टर म्हणाल्या, तरी मंजुळाबाईचा जीव धजावत नव्हता.

परवा सकाळी अंगणात नव्या कोकरांना गेरू लावणं चाललं होतं. भिकनचा हात मध्येच थांबला. आवाज आला, हे मंजुळाबाईनं ओळखलं.

भिकननं क्षणभर कान दिला. मग गेरूत बोट बुडवून स्वतःच्याच कानशिलावर ठसठशीत टिपका काढला.

"ह्ये बी आपल्याच कळपातलं," म्हणत त्यानं पुढचं कोकरू ओढलं.

मंजुळाबाई पदरात तोंड घालून हसली, थोडी रडलीही. मग कोपऱ्यातली काठी आणून तिनं त्याच्यापुढं धरली.

"जा. दुपारची गोळी भाकरीसंगं बांधलीय."