सर्बियाचे दाजी आणि मोकळा गोल

आमच्या सर्बियाच्या दाजींइतका हातची वस्तू दुसऱ्याला देऊन टाकणारा माणूस जुन्नर-आंबेगावात तर नाहीच, पण अख्ख्या युरोपातही सापडायचा नाही. ताई फिजिओथेरपी शिकून परदेशी गेली, एका निवृत्त फुटबॉलपटूचा गुडघा बरा करता करता त्याच्याशीच लग्न करून बसली, आणि दोघं दर जत्रेला आमच्या गावी, वारूळवाडीला, येऊ लागली. दाजी आयुष्यभर मधल्या फळीत खेळले. चेंडू आला की पुढच्याला द्यायचा, हेच काम. ती सवय अंगात इतकी मुरलेली की पंगतीत जावई म्हणून पहिली जिलबी ह्यांच्या ताटात पडे आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत शेजाऱ्याच्या ताटात जाई. सत्काराचा नारळ तर त्यांनी असा पुढे दिला की रांगेतून फिरत फिरत तो पुन्हा सरपंचांच्याच हातात आला! मराठी ते नारायणगावच्या टोमॅटो बाजारात शिकले, म्हणून मला बघितलं की, "काय पावणं, लई दिसांनी!"

वडिलांना, म्हणजे आण्णांना, एकच खंत होती. बाजारात जो तो विचारी, जावयानं गोल किती मारले? आणि सगळ्या कारकिर्दीत दाजींच्या नावावर एकही गोल नव्हता. म्हणून यंदाच्या जत्रेत आण्णांनी शेजारच्या गावाशी सामनाच ठरवला. बैलगाडा शर्यतीचा लाउडस्पीकरवाला मुद्दाम बसवला. गोल झाला की जावयाचं नाव पंचक्रोशीत घुमलं पाहिजे, अशी त्याला सक्त ताकीद.

आणि काय सांगू, अगदी शेवटी तो योग आला! गुडघा सावरत दाजींनी दोघांना चकवलं, गोलकीपर आडवा झाला, समोर गोल सताड उघडा. आण्णा खुर्चीवर चढले. आणि दाजींनी चेंडू दिला मला! मी ट्रॅक्टरचे स्पेअर पार्ट विकणारा, पोट सुटलेला, संघात संख्या भरायला घेतलेला माणूस. डोळे मिटून लाथ घातली. गोल! भोंग्यावर माझं नाव घुमलं. आनंदानं मला नाचावं की रडावं कळेना.

"मोकळा गोल सोडून ह्याला कशापायी दिला, जावईबापू?" आण्णा कळवळून म्हणाले.

दाजी धापा टाकत हसले. "आण्णा, तुमी शर्यतीत गाडं जुपायचं ना? मंग कदी गाड्यामागं पळत वर गेलं का?"

आण्णा खुर्चीवरून खाली उतरले. उभी हयात त्यांनी घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या, तळाशी उधळते बैल धरून दुसऱ्यांचे गाडे जुंपले. भोंग्यावर नाव मात्र कायम मालकाचं. त्यांनी माईक हिसकावून घेतला. "गोल पोराचा," ते भोंग्यावरून ओरडले, "पण जुपणी आमच्या जावयाची."

दाजी परत गेले. त्यांचा गुडघा आता पुन्हा धरलाय, पुढच्या जत्रेला येणं कठीण, असं ताई फोनवर सांगते. परवा एका पंगतीत आण्णांच्या ताटात पहिली जिलबी पडली. ती त्यांनी लगेच माझ्या ताटात सरकवली, आणि आम्हा दोघांनाही दाजींची फार आठवण आली.