परसातले तारे

नंदुरबारातले आमचे फोटोवाले चाचा काचेवरून कागदावर फोटो उतरवत तो भर उन्हात. काच आणि कागद बसवलेल्या चौकटीपुढे उकिडवे बसत; ऊन लागेल तितका कागद काळा होई, म्हणून फोटोतल्या अंधाऱ्या भागावर हाताची सावली धरत. हात सारखा हलता, माश्या हाकलल्यासारखा.

त्यांनी रात्री आपल्या परसातून काढलेला ताऱ्यांचा फोटो मी शाळेसाठी मागितला होता.

"चाचा, हात काढा. काळंकुट्ट होऊ द्या, तारे उठून दिसतील."

"मास्तर, मंग मन्ही बकरी बुडी जाई ना!"

फोटोत ताऱ्यांखालच्या अंधारात खुंट्याशी त्यांची बकरी झोपली होती.

"अहो, शास्त्राचा फोटो आहे हा!"

"तारा सगळासना शेतस. बकरी मन्ही शे."

हात हलतच राहिला.

पुढे तपासणीला आलेल्या साहेबांनी भिंतीवरचा तो फोटो चष्मा सावरून न्याहाळला आणि मला विचारलं, "मास्तर, ही बकरी कुणाची?"