तूच उघडला असशील

माझी आई अकोल्याला जठारपेठेत एकटी राहायची आणि मी अमरावतीला. शाळेत भूगोल शिकवून ती निवृत्त झालेली. तिचे विद्यार्थी कुठे कुठे पांगलेले, पण तिला मेल पाठवायचे. आणि आमच्या बाई प्रत्येकाला उत्तर द्यायच्या, तेही ऐसपैस. तिकडे पाऊस किती पडतो, माती कशी आहे, हे विचारल्याशिवाय त्यांचं उत्तर संपायचं नाही. याचा तिला भारी तोरा. "माह्या पोराईले उत्तर गेलं नाई असं कधी झालं नाई," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची.

तिच्याकडे समोरच्या खोलीत जुना कॉम्प्युटर होता, फोन होता आणि मोठी अक्षरं दिसावीत म्हणून मी आणून दिलेला टॅब होता. तिन्हींवर तिचं खातं मीच जोडून दिलं. काही अडलं तर इथून बघता यावं म्हणून माझ्या फोनवरही घेऊन ठेवलं. एका ठिकाणी मेल उघडला की सगळीकडे त्याची ठळक अक्षरं साधी होतात, हे तिला फार आवडलं. "म्हणजे याईचं आपसात बोलणं होते," म्हणाली. मग तिनं नियमच केला. ठळक दिसेल ते वाचायचं, साधं दिसलं म्हणजे ते वाचून झालेलं.

भांडणं तिथूनच सुरू झाली. एकदा माझ्याकडून तिचा एक मेल चुकून उघडला गेला. लगेच फोन. "माह्यं पत्र तू काऊन उघडलं वं?" मी चूक कबूल केली, विषय संपला. पण पुढे हे फोन वाढत गेले. "आज हा मेल वाचलेला दिसते, काल तो दिसत होता." मी हातही लावलेला नसायचा. पण आईसमोर शपथा घेऊन काय फायदा? "मंग काय भुतानं उघडला?" हे तिचं उत्तर तयार. ऑफिसात माझ्यासमोर माणसं ताटकळत उभी, आणि कानाला हिचा फोन. मीही काही कमी तोंडाची नाही. एक दिवस डोकं फिरलं आणि तिचं खातं माझ्या फोनवरून काढूनच टाकलं. तिला सांगितलं नाही. म्हटलं, पुढच्या वेळी बोलू दे, मग दाखवतेच.

दिवाळीत अकोल्याला गेले. फराळ झाला, माझ्या फोनवर तिनं फोटो पाहिले, शेजारणींची खबरबात झाली. भांडण मात्र झालं नाही. माझा डाव तसाच राहिला.

मग तिचा फोन आला. तेल्हाऱ्याच्या एका विद्यार्थिनीनं मुलीच्या लग्नाचं आमंत्रण मेलवर पाठवलं होतं. लग्न होऊन गेलं आणि त्यानंतर आईला ते दिसलं, साध्या अक्षरांत. एरवी तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी तिचा आवाज अगदी खाली होता.

"तू उघडला असशील," ती म्हणाली. "तूच उघडला असशील नं? म्हणून मले दिसला नाई."

माझं उत्तर जिभेवर होतं. अगं, तुझं खातं माझ्याकडे आहेच कुठे! पण तोंड उघडलं आणि तेव्हाच मला कळलं, की मग त्या मेलला तिच्याशिवाय हात लावणारं कोणीच उरत नाही. तिनंच तो वाचला होता, आणि वाचल्याचं विसरली होती.

"हो," मी म्हटलं. "माह्याच हातानं उघडला गेला. कामाच्या गडबडीत."

"मंग ठीक," ती म्हणाली आणि मला पोटभर बोलली. मी सगळं ऐकून घेतलं. फोन ठेवल्यावर खूप रडले.

त्यानंतर असंच चाललं. ती विचारायची, मी हो म्हणायची, ती बोलायची. बीपीच्या निमित्तानं तिला डॉक्टरांना दाखवलं. विसरणं वाढत जाईल, ते म्हणाले, गोळ्यांनी थोडं हळू होईल इतकंच. ते मी तिला सांगितलं नाही.

उन्हाळ्यात गेले होते. कूलरसमोर बसून आम्ही रसासाठी आंबे पिळत होतो. ती मान वर न करता म्हणाली, "दिवाळीत फोटो पाहाले तुहा फोन घेतला होता मी. त्यात माह्यं खातं नव्हतं."

माझे हात थांबले. "तवाच पाह्यलं तू?"

"तवाच. म्हटलं, मंग पत्रं कोण उघडून राह्यलं."

"मग मले काऊन बोलत होती, आई?"

तिनं कोय नीट पिळून बाजूला टाकली. "तू हो म्हणे म्हणून. तू हो म्हटलं की तेवढा दिवस बरा जाये."

मला रडू आवरेना. तिनं हात धुतले, टॅब आणून माझ्यासमोर ठेवला. "लाव आता खातं तुह्या फोनवर. पोराईले उत्तर गेलं पाह्यजे, माह्या नावानं तू लिव. रडून नको राहू. पासवर्ड आठव आधी, मी तं विसरली."

आता ती अमरावतीला माझ्याजवळच असते. तिचे सगळे मेल खरोखरच मी उघडते. तिकडे पाऊस किती पडला, माती कशी आहे, हेही न विसरता विचारते. ती शेजारी टॅब मांडीवर घेऊन बसलेली असते. तिच्यादेखत ठळक अक्षरं साधी होतात आणि ती मला काही म्हणत नाही. कधी कधी मीच मुद्दाम सांगते, "आई, तुझा मेल मी उघडला." तिनं चिडावं, निदान एकदा काऊन म्हणून विचारावं, म्हणून तिच्याकडे बघत राहते.

"बरं केलं," ती म्हणते.